चपलेचा पट्टा, हातमोजा आणि पाठीवरची चाचणी

रबरी चपलेच्या पट्ट्याखाली, पायाच्या वरच्या बाजूला, लालसर खाजरा पट्टा उठतो. अंगठ्याजवळ सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना फाकत जातो. घरात कुणी त्याला नायटा म्हणतं, कुणी इसब. पावसाळा असेल तर चिखल्या म्हणून सोडून दिलं जातं. मग औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब येते. अशा ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक ही तिन्ही एकत्र असतात. स्टेरॉइडमुळे चार दिवस बरं वाटतं, ट्यूब संपते आणि खाज पुन्हा सुरू होते, कारण पायातली चप्पल तीच असते. नर्सच्या हातांवर, हातमोजे घालून भांडी घासणाऱ्या बाईच्या मनगटावर, कमरेच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्याच्या कॅपखाली हेच वेगवेगळ्या आकारांत घडतं. वस्तू जिथे संपते, साधारण तिथेच पुरळही थांबतं. तेवढ्यावरून संशय येतो. खात्री करायला मात्र पॅच टेस्ट लागते.

ही चाचणी सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि तिला कुठलंही मोठं यंत्र लागत नाही. तरी आपल्याकडे ती सुचवली जाते ती बरीच मलमं वापरून झाल्यावर, कधी कधी नोकरी सोडायची वेळ आल्यावर. तिची माहिती रुग्णालाच असेल तर हा उशीर टळू शकतो.

आधी रबराकडे पाहू. रबराच्या झाडाचा चीक गोठवून केलेलं कच्चं रबर फारसं कामाचं नसतं. उन्हात ते चिकट होतं, थंडीत ताठरतं. त्यातले लांबलचक रेणू उकडलेल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरत राहतात. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना कळलं, की गंधक मिसळून रबर तापवलं तर हे घसरणं थांबतं. गंधकाचे अणू रेणूंच्या धाग्यांमध्ये पूल बांधतात आणि रबर ताणलं तरी मूळ आकारात परत येतं. १८४४ मध्ये त्यांना या प्रक्रियेचं पेटंट मिळालं. तिला व्हल्कनायझेशन म्हणतात. पंक्चरवाला ट्यूबवर ठिगळ ठेवून गरम दाबाखाली पक्कं करतो, तेही व्हल्कनायझेशनच.

नुसत्या गंधकाने हे काम व्हायला मात्र तासन् तास लागतात. १९०६ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात जॉर्ज ओन्सलेगर या रसायनज्ञाला आढळलं, की ॲनिलीनसारखी रसायनं थोडी घातली तर ते फार लवकर होतं. ॲनिलीन विषारी होतं, म्हणून त्याच्या जागी पुढे दुसरी रसायनं आली: थायुराम, डायथायोकार्बामेट, मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल, डायफिनाइलग्वानिडीन. कारखान्यात या सगळ्यांना ॲक्सिलरेटर म्हणतात. त्याशिवाय हवेतल्या ओझोनने रबर तडकू नये म्हणून अँटिऑक्सिडंट घालतात. टायर, केबल, मोटरसायकलच्या मुठी अशा काळ्या रबरात आयपीपीडी नावाचं त्यातलं एक रसायन असतं.

रबर तयार होताना ही रसायनं पूर्ण संपत नाहीत. उरलेला अंश हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि घाम, उष्णता व घर्षण यांनी त्वचेत उतरतो. त्यामुळे ‘मला रबराची ॲलर्जी आहे’ असं सांगणाऱ्या, आणि एकदोन दिवसांनी पुरळ उठणाऱ्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा झाडाच्या चिकाविरुद्ध नसते. ती कारखान्यात घातलेल्या या रसायनांविरुद्ध असते. पूर्ण कृत्रिम असलेल्या नायट्राइलच्या हातमोज्यांनीही त्याच माणसाचे हात चिघळू शकतात, कारण तिथेही बहुधा तेच ॲक्सिलरेटर वापरलेले असतात.

हे रेणू इतके लहान असतात, की एरवी शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांची दखल घेत नाही. त्वचेत शिरल्यावर ते तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि ही जोडगोळी शरीराला परकी वाटते. त्वचेतल्या लँगरहान्स पेशी तिला उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात. तिथे टी पेशी तिची ओळख पक्की करतात आणि ती ओळख बहुधा जन्मभर टिकते. पहिल्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. वर्षानुवर्षं तीच चप्पल किंवा तसेच हातमोजे वापरूनही काही होत नाही, आणि मग एखाद्या महिन्यात सुरू होतं. ‘इतकी वर्षं चालत होतं, आताच कसं?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. वर्षानुवर्षांच्या संपर्कातूनच ही ओळख तयार होते, हे त्याचं उत्तर. एकदा ती झाली, की पुढच्या प्रत्येक संपर्कानंतर एक ते चार दिवसांत त्वचा लाल होते, सुजते, बारीक फोड येतात. या उशिरामुळेच माणूस गोंधळतो. सोमवारी घातलेल्या हातमोज्याचा दोष बुधवारच्या जेवणावर जातो, आणि वांगं, आंबट, अंडी अशी पथ्यांची यादी वाढत जाते.

चाचणी याच उशिराचा उपयोग करते. योझेफ यादासोन हे जर्मन त्वचारोगतज्ज्ञ ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सुआफमध्ये काम करत. पाऱ्याचे उपचार घेतलेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर इसब उठत असे. यादासोन यांनी पाऱ्याचं मलम निरोगी त्वचेच्या छोट्या भागावर झाकून ठेवलं आणि तिथेही तसंच इसब उठलं. हे काम त्यांनी १८९५ साली ग्राझच्या परिषदेत मांडलं. संशयित पदार्थ निरोगी त्वचेवर, अगदी थोडा, ठरलेल्या प्रमाणात ठेवायचा आणि त्वचा काय म्हणते ते पाहायचं, हे तत्त्व आजही तेच आहे. नंतरच्या काळात पदार्थांच्या यादीत, त्यांच्या प्रमाणांत आणि निकाल वाचण्याच्या पद्धतीत शिस्त आली.

आज ही चाचणी अशी होते. रुग्ण पाठ उघडी करून बसतो. चिकटपट्टीवर सुमारे ८ मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या उथळ वाट्यांच्या रांगा असतात. बहुतेक ॲलर्जनं, म्हणजे ॲलर्जी उठवणारे पदार्थ, व्हॅसलिनमध्ये कालवून सिरिंजमध्ये भरलेली असतात. एकेकाची बारीक रेघ प्रत्येक वाटीत सोडली जाते. जास्त झालं तर ते बाहेर पसरून शेजारच्या वाटीत जाण्याची भीती. थायुरामच्या मिश्रणाचं प्रमाण साधारण १ टक्का असतं, काळ्या रबराच्या मिश्रणाचं ०.६ टक्के. हे आकडे जपून ठरवले आहेत. प्रमाण कमी पडलं तर खरी ॲलर्जी निसटते, जास्त झालं तर कुणाचीही त्वचा जळजळते. पट्ट्या पाठीच्या वरच्या भागावर खालून वर दाबत चिकटवतात, म्हणजे आत हवा राहत नाही, आणि प्रत्येक जागेवर शाईने खूण करतात.

मग ४८ तास धीर धरायचा. पाठीवर पाणी नाही, घाम येईल असं काम नाही, पाठ घासायची नाही. हे सांगायला सोपं आहे. वैशाखातल्या विदर्भात किंवा कोकणच्या दमट हवेत घामाने पट्टी सुटते आणि सगळी मेहनत वाया जाते. तातडी नसेल तर थंडीचे दिवस बरे. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा पाठीवर स्टेरॉइडचं मलम लावलं असेल तर ॲलर्जी दबून राहते, म्हणून ते आधी डॉक्टरांना सांगावं. गोळ्या स्वतःच्या मनाने मात्र थांबवू नयेत. पाठ उन्हाने काळवंडली असेल किंवा इसब अंगभर पेटलेलं असेल, तर ते शांत होईपर्यंत थांबावं लागतं. चिडलेल्या त्वचेवर प्रत्येक वाटीखाली लाली उठते आणि त्यातून काहीच कळत नाही. खाजेसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या अँटिहिस्टामिन गोळ्यांनी या चाचणीत सहसा फरक पडत नाही, कारण ही प्रतिक्रिया हिस्टामिनची नसते.

दोन दिवसांनी पट्ट्या काढतात. चिकटपट्टीच्या ओढीने आलेली लाली ओसरायला थोडा वेळ देऊन पहिलं वाचन होतं. दुसरं वाचन चौथ्या दिवशी होतं, आणि खरं महत्त्व याच वाचनाला आहे. काही रसायनांचा निकाल सातव्या दिवशीसुद्धा उमटतो. नेमकं चौथ्या दिवसाचं वाचनच बाहेरगावच्या रुग्णाकडून चुकतं. एसटीने चार तासांचा प्रवास करून पट्ट्या काढायला आलेला माणूस दोन दिवसांनी पुन्हा कसा येणार? काही जण फोटो पाठवतात. नाइलाज असेल तर तेवढ्यावर भागवावं लागतं, पण ही चाचणी डोळ्यांइतकीच बोटांनीही वाचायची असते. सावळ्या पाठीवर लाली नीट दिसत नाही. जागा बोटाखाली जाडसर, उंचावलेली लागते का, बारीक पुटकुळ्या आहेत का, हे स्पर्शानेच कळतं. म्हणून तारखा ठरवतानाच आठवड्यातल्या तिन्ही फेऱ्या जमतील असा आठवडा निवडावा.

लाली, थोडा जाडसरपणा आणि पुटकुळ्या म्हणजे एक अधिक. पाणी धरलेले फोड म्हणजे दोन अधिक. मोठे, एकत्र झालेले फोड म्हणजे तीन अधिक. नुसती चिडलेली त्वचा वेगळी दिसते: कडा वाटीइतक्या रेखीव, पृष्ठभाग चकचकीत किंवा सुरकुतलेला, आणि चौथ्या दिवसापर्यंत बहुधा मावळत चाललेली. खरी ॲलर्जी तोवर बहुधा वाढत जाते.

भारतात वापरली जाणारी चाचणी-पदार्थांची मानक मालिका आपल्याकडच्या जीवनाप्रमाणे जुळवलेली आहे. त्यात रबरासाठी थायुरामचं मिश्रण, मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल आणि काळ्या रबराचं मिश्रण असतं. शेजारच्या वाट्यांत निकेल, सिमेंट आणि चामड्यातलं क्रोमेट, केसांच्या कलपातलं पीपीडी, सुगंधी द्रव्यं असतात. मलमातलं निओमायसिनही असतं, म्हणजे जे लावून बरं होण्याची आशा असते तेही कधी कधी आरोपीच निघतं. गाजरगवतही या मालिकेत आहे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेल्या या गवताने पुढे असंख्य शेतकऱ्यांना तोंडावर आणि हातांवर भयंकर इसब दिलं. पुण्यातल्या रुग्णांवरचं काम १९७४ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाचं त्याकडे लक्ष गेलं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाठीवर थायुरामच्या वाटीखाली दोन अधिक दिसलं, म्हणजे शरीर थायुरामला ओळखतं एवढंच सिद्ध झालं. आजचं इसब त्यामुळेच आहे का, हे ठरवायला त्या माणसाचा दिवस विचारावा लागतो. कामावर काय हाताळतो, हातमोजे कुठल्या जातीचे, चप्पल कुठली, शेतात काय, छंद कुठले?

महाराष्ट्रात या विचारपूसीत एक प्रश्न हमखास हवा, तो बीजप्रक्रियेचा. सोयाबीन, भुईमूग, हरभरा पेरण्याआधी किलोला ३ ग्रॅम चोळतात ते थायरम रसायनशास्त्राच्या भाषेत टेट्रामिथाइलथायुराम डायसल्फाइड आहे. थायुरामच्या चाचणी मिश्रणातल्या चार रसायनांपैकी ते एक. हातमोज्यात ॲक्सिलरेटर म्हणून काम करणारं रसायन बियाण्यावर बुरशी मारतं. झायरम हे बुरशीनाशकही याच कुळातलं. पेरणीच्या दिवसांत ज्याच्या हातावर इसब भडकतं, त्याला ‘रबरी हातमोजे घालून बियाणं चोळा’ असा सल्ला दिला, तर थायुराम टाळायच्या नादात थायुरामच त्याच्या हातावर चढवलं जातं. हे प्रश्न विचारल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही.

थायुरामचा आणखी एक धागा दारूकडे जातो. १९३७ साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरांनी नोंदवलं, की थायुराममध्ये काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही: चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी येते. पुढच्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याच कुळातल्या डायसल्फिरामचा हा गुण व्यसनमुक्तीसाठी वापरात आणला. आजही ही गोळी दिली जाते. थायुरामची ॲलर्जी असलेल्या माणसाला ती दिली तर अंगभर इसब उठू शकतं, म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात आपल्या रबराच्या ॲलर्जीची माहिती द्यायलाच हवी. आणि घरच्यांनी ही गोळी न सांगता जेवणातून घालू नये. वरून दारू प्यायली गेली तर जिवावर बेतू शकतं.

काही वेळा मालिकेतलं काहीच उमटत नाही आणि संशय मात्र जात नाही. गुडघ्याची कॅप, कमरेचा पट्टा, पोहण्याचा घट्ट पोशाख यांत निओप्रीन असतं आणि त्यात थायोयुरिया वर्गातली रसायनं असू शकतात. ती नेहमीच्या मालिकेत नसतात. अशा वेळी रबराची वेगळी, मोठी मालिका लावावी लागते, किंवा वस्तूचाच पातळ तुकडा कापून, ओला करून पाठीवर ठेवतात. कपड्यांच्या इलॅस्टिकची गोष्ट तर फार बोलकी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत दिसलं, की अंतर्वस्त्रांच्या इलॅस्टिकखाली पुरळ उठणाऱ्या काही रुग्णांची नव्या कोऱ्या इलॅस्टिकवरची चाचणी कोरी येते, पण धुतलेल्या कपड्यातला तुकडा लावला की उमटते. इलॅस्टिकमधलं डायथायोकार्बामेट धुण्याच्या ब्लीचशी मिसळून नवंच ॲलर्जन तयार होत होतं. म्हणून तपासायला वापरलेली वस्तू न्यावी, नवी नको. घरी मात्र कुठलंही रसायन स्वतःच्या पाठीवर चिकटवून पाहू नये. भाजून व्रण पडू शकतो, किंवा नसलेली ॲलर्जी त्यातूनच सुरू होऊ शकते.

पॅच टेस्टची एक मर्यादा प्रत्येकाने लक्षात ठेवावी. रबराच्या झाडाच्या चिकात प्रथिनं असतात आणि काही जणांना त्यांचीच ॲलर्जी असते. हातमोजा घातल्यापासून किंवा फुगा फुगवल्यापासून काही मिनिटांत गांधी उठतात, ओठ सुजतात, शिंका येतात, दम लागतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तदाब कोसळल्याच्या घटनाही घडलेल्या आहेत. यातल्या काही रुग्णांना केळी, किवी, ॲव्होकाडोही बाधतात. ही ॲलर्जी पॅच टेस्टमध्ये दिसत नाही. तिच्यासाठी रक्ततपासणी किंवा, सगळी आपत्कालीन तयारी ठेवून, टोचून करायची चाचणी असते. अशा माणसाने प्रत्येक शस्त्रक्रियेआधी, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा, ते ठासून सांगावं. याच प्रथिनांना हवेत उडवणाऱ्या पावडर लावलेल्या हातमोज्यांवर अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून बंदी घातली.

आणखी एक वेगळा प्रकार म्हणजे रबराने पडणारे पांढरे डाग. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांवर कोडासारखे डाग दिसले. कारण होतं हातमोज्यातलं एक अँटिऑक्सिडंट, हायड्रोक्विनोनचं मोनोबेन्झाइल इथर. भारतात रबरी चपलेच्या पट्ट्याखाली असे डाग दिसतात, आणि टिकलीच्या गोंदातल्या वेगळ्या रसायनाने कपाळावरही. प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. हे वेळेवर कळलं तर लग्नाच्या वयातल्या मुलीवरचं केवढं तरी ओझं कमी होतं.

निदान झाल्यावर या ॲलर्जीला मुळापासून घालवणारं औषध नाही. पण टाळायचं काय हे नेमकं कळतं, आणि बहुतेकांना त्याने खरंच आराम पडतो. ॲक्सिलरेटर न वापरलेले नायट्राइल हातमोजे मिळतात. घरकामाला पीव्हीसीचे हातमोजे, आत सुती मोजे घालून, चालतात. चपलेसाठी पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा पर्याय असतो. नुसतं ‘नॉन-लेटेक्स’ लिहिलेलं पाहून फसू नये. त्याचा अर्थ झाडाचा चीक नाही एवढाच, रसायनं नाहीत असा नाही. हातमोज्यांच्या खोक्यावर कोणता ॲक्सिलरेटर वापरला हे बहुधा छापलेलं नसतं. ते छापलं जावं अशी मागणी रुग्णालयांनी खरेदीच्या अटींतच घालायला हवी, कारण नर्सला आणि सफाई कामगाराला स्वतःचे हातमोजे निवडायची मुभा नसते.

हातापायावरचं इसब एकाच जागी, एकाच आकारात, महिनोन् महिने परत येत असेल, तर पुढची ट्यूब विकत घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टची चौकशी करा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत ही चाचणी अनेक ठिकाणी होते. जाताना वापरातली चप्पल, हातमोजे, पट्टा, लावत असलेल्या मलमांच्या ट्यूब, आणि शेतकरी असाल तर बीजप्रक्रियेच्या औषधाचं पाकीट पिशवीत घालून न्या.